पाचवं ‘का’

खंडेनवमीच्या सकाळी स्टोरेजचे सगळे हिरवे दिवे एका दमात विझले, तेव्हा खाली शॉप फ्लोअरवर आरती रंगात आली होती. टाळ्या, घंटा, कुणाचा तरी बेसूर पण दणदणीत आवाज. वर पहिल्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत मिनल एकटी उभी होती. पंख्यांची घरघर थांबली आणि खोलीत इतकी शांतता झाली की आरतीतला शब्दन् शब्द ऐकू यायला लागला. तिच्या लॅपटॉपवर ‘अपडेट चालू आहे, वीज बंद करू नये’ हे वाक्य तसंच राहिलं होतं. ती सूचना पाळायची होती कुणी आणि वाचत होतं कोण!

धवलगिरी प्रेसपार्ट्स ही चाकणची कंपनी गाड्यांचे पत्र्याचे पार्ट करते. तिथलं सगळं कॉम्प्युटरचं खातं मिनलकडे. त्या खोलीत स्टोरेजचं एक काळं कपाट आहे आणि त्यात डिस्कची चळत. प्रत्येक डायचं, म्हणजे साच्याचं, ड्रॉइंग, प्रत्येक मशीनचा प्रोग्रॅम त्या कपाटात. खालची मशीनं रोज सकाळी नेटवर्कवरून तिथनंच आपापला प्रोग्रॅम ओढून घेतात. कपाट गप्प बसलं तर खाली दोनशे माणसं हात बांधून उभी राहतात. असल्या कपाटाच्या पोटात त्याची स्वतःची अशी एक अक्कल असते, तिला फर्मवेअर म्हणतात. या कपाटाची अक्कल जुनी झाली होती. धडधाकट डिस्कला मेलेली ठरवायचा तिला रोग आहे, असं ते बनवणाऱ्यांनीच कळवलं होतं. नवीन भरायला दोनेक तास लागणार होते, आणि अटी दोनच होत्या. तेवढा वेळ खालून कुणी काही मागायचं नाही, आणि वीज जायची नाही.

हे दोन तास मिनल गणपतीच्या आधीपासून मागत होती. मागायचे तरी कुणाकडे? प्लँट हेड क्षितिजकडे. कंपनी काढणाऱ्या अण्णासाहेबांचा हा मुलगा, जर्मनीत जाऊन शिकून आलेला. अण्णासाहेब गेल्यापासून सगळा कारभार त्याच्या हातात. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर एकच असायचं, “मिनल, प्रॉडक्शन थांबवायचं नाव काढू नकोस.” शेवटी एका सोमवारच्या मिटिंगमध्ये त्यानंच तोडगा काढला. “अगं, खंडेनवमीला घे ना! त्या दिवशी सगळं बंदच असतं.” पाचसहा जणांसमोर, स्वतःच्या तोंडानं. वर स्वतःवरच खूश होऊन हसलाही होता.

सगळं बंद असतं ते खरं. अण्णासाहेबांची पद्धतच तशी होती. चालू मशीनची पूजा करायची नाही, असं ते म्हणायचे. वर्षभर राबलेल्याला आधी बसू द्यायचं, मग पाया पडायचं. म्हणून खंडेनवमीला मेन स्विच खाली यायचा, प्रत्येक प्रेस पुसून लख्ख व्हायची, तिला हळदकुंकवाची बोटं लागायची, झेंडूची माळ पडायची आणि मग नारळ. मिनलला ही पद्धत मनापासून आवडायची. तिच्या घरी खंडेनवमी नसते. दापोडीच्या त्यांच्या गल्लीत दुसऱ्या दिवसाची, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी चाललेली असते, आईच्या पांढऱ्या साडीला इस्त्री झालेली असते, सकाळी सगळ्यांनी मिळून देहूरोडच्या विहारात जायचं ठरलेलं असतं. पूजेत ती हात जोडायची नाही, पण मशीन पुसायला फडकं घेऊन उभी राहायची. सात वर्षांत त्यावरून कुणी काही बोललं नव्हतं. निदान तिच्या तोंडावर तरी नाही.

मेन स्विच खाली येणार हे तिला ठाऊक होतं. त्याचीच तर तिनं तजवीज केली होती. दिवाळीपर्यंत वाट न बघता नवा यूपीएस आणायला तिनंच भांडून लावलं होतं, आणि मेन बंद असताना हा यूपीएस तिचं कपाट अर्धा दिवस आरामात चालवू शकत होता. खोलीच्या दारावर तिनं मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता. क्षितिजला आदल्या संध्याकाळी मेसेज केला होता, आणि त्यानं त्यावर होकाराचा अंगठाही पाठवला होता. फक्त खाली पॅनेल रूममध्ये यूपीएसच्या दारावर तिनं कागद लावला नाही. कारण यूपीएस बंद करायला माणूस जाईल, हे जगातल्या कुठल्याही शहाण्याच्या डोक्यात आलं नसतं.

पण गेला. कारण यूपीएस नवीन होता. नवीन वस्तूची पहिली पूजा, आणि चालू मशीनची पूजा करायची नाही.

हे तिला ज्योतीरामनं सांगितलं. ज्योतीराम टाकळकर, कंत्राटावरचा इलेक्ट्रिशियन, खेडकडचा, पन्नाशीला टेकलेला. आरती संपल्यावर जिना चढून वर आला तो हातात खोबऱ्याचा तुकडा आणि पेढा घेऊनच. दारातनं मेलेलं कपाट बघितलं आणि प्रसाद द्यायचाही विसरला.

“ताई, म्या इचारलं व्हतं वो,” तो म्हणाला. “म्हनलं, वर मॅडमचं काम चालू हाय, इचारून येतू. जिन्यापातूर आलू व्हतू. तर क्षितिज सायबांनी हाळी मारली. म्हनले, आरं पाच मिन्टांचा परश्न हाय, मुहूर्त जाईल. कॅमेरावाला बी घाई करत व्हता.”

“कॅमेरावाला?”

“व्हिडिओ चालला व्हता ना पूजेचा. मोबाइलवर टाकायला.”

मिनलनं त्याच्याकडे बघितलं, मग कपाटाकडे. तिला रडू आलं नाही. तिच्या मस्तकात तिडीक गेली, आणि ती पुढचे कितीतरी दिवस तिथंच राहिली.

अर्धवट भरलेली अक्कल ही नसलेल्या अकलेपेक्षा वाईट. वीज परत आली, दिवे लागले, पण हिरवे नाही, पिवळे. कपाट आतून काही बोलेना. डिस्कवरचा माल सलामत होता, पण तो बाहेर काढणारी दोन्ही कार्डं निकामी झाली होती, आणि नवी कार्डं दसरा आणि रविवार ओलांडूनच येणार होती. आदल्या दिवशी मिनलनं चालू कामाच्या प्रोग्रॅमची एक प्रत वेगळी काढून ठेवली होती, म्हणून कंपनी अगदीच आडवी झाली नाही. दसऱ्याला लोक एकमेकांना सोनं देत होते तेव्हा ती पेन ड्राइव्ह घेऊन या मशीनवरून त्या मशीनवर फिरत होती, आणि तिच्या मागोमाग केबल धरायला ज्योतीराम. आई आणि बाबा तिला सोडून देहूरोडला गेले. तरीही सगळं जुळलं नाही. एका गाडीच्या ब्रॅकेटचा प्रोग्रॅम त्या प्रतीत नव्हता, तो माल वेळेवर गेला नाही आणि ग्राहक कंपनीची लाइन एक शिफ्ट उभी राहिली.

मग सुरू झाली कुजबुज. कुजबुज तरी कशाला म्हणायचं, चहाच्या मशीनपाशी सगळ्यांना ऐकू जाईल अशीच चालली होती. “पूजेच्या टायमालाच काम काढायचं असतं का?” आणि प्रशासन बघणारे सदाशिवराव, जे एरवी मिनलला ‘बाळा’ म्हणतात, ते कुणाला तरी म्हणाले, “ज्यांच्यात पूजाच नसते त्यांना मुहूर्ताचं काय कळणार?” मिनल त्यांच्या पाठीमागे कप घेऊन उभी होती. त्यांनी वळून बघितलं, घसा साफ केला आणि साखर नाहीये वाटतं असं काहीतरी पुटपुटून सटकले.

मुहूर्त तिनं काढला नव्हता. ती वेळ तिला दिली होती, देणाऱ्याच्याच सोयीनं दिली होती, आणि ज्यानं दिली त्यानंच मोडली होती. तिच्या घरात पूजा होते की वंदना म्हणतात, याचा त्या यूपीएसच्या स्विचशी काय संबंध? सात वर्षं फडकं घेऊन उभं राहिल्याचं हे फळ! तिनं तो चहा बेसिनमध्ये ओतून दिला.

संध्याकाळी तिनं सगळं नागसेनबाबांना सांगितलं, तिच्या वडलांना. पिंपरीच्या कारखान्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. “आमच्यात फिटरच्या नावावर बिल फाडायचे,” ते म्हणाले. “फिटर नसला तर हेल्परच्या. वरच्या मजल्यापर्यंत ते बिल कधी चढलेलं मी बघितलं नाही.”

सोमवारी ग्राहकाची माणसं यायची होती. गाड्यांच्या धंद्यात एक रीत असते. काही बिघडलं की फळ्यासमोर बसायचं आणि पाच वेळा ‘का?’ विचारायचं. एका ‘का’चं उत्तर आलं की त्याच्या पोटात पुढचं ‘का’ घालायचं, असं करत मुळाशी जायचं. क्षितिजला या रीतीचा भारी अभिमान. त्यानं स्वतः सगळ्यांना दोन दिवसांचं शिक्षण दिलं होतं, आणि मिटिंग रूममध्ये काचेच्या चौकटीत पाटी लावली होती, ‘माणसाला दोष देऊ नका, पद्धतीला प्रश्न विचारा.’

मिटिंगच्या आधी त्यानं मिनलला केबिनमध्ये बोलावलं. सदाशिवराव बाजूच्या खुर्चीत होतेच.

“हे बघ, तुझं नाव मी कुठेही येऊ देणार नाही,” क्षितिज म्हणाला. “तू आपली आहेस.”

मिनलला क्षणभर हायसं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, वाटलं. चार दिवसांचा खांद्यावरचा भार उतरल्यासारखं वाटलं.

“मग काय लिहिणार, सर?”

“वीज गेली, एवढं तर स्टोरेजचा वेंडर लिहिणारच. वीज का गेली, तर यूपीएस बंद केला. कुणी केला, तर ज्योतीरामनं.” क्षितिजनं हात पसरले. “इलेक्ट्रिशियनचा हलगर्जीपणा. तो आपल्या रोलवरही नाही. कंत्राटदाराला सांगू, दुसरा माणूस देईल. विषय संपला.”

“त्याला बंद करायला कुणी सांगितलं, सर?”

“ते तिथं उकरायची गरज नाही.”

“बाळा,” सदाशिवराव म्हणाले, “वाद कशाला? तू फक्त मान हलव.”

मघाच्या हायसं वाटण्याची मिनलला आता लाज वाटली. जिन्यापर्यंत आला होता तो माणूस. अजून दहा पायऱ्या चढला असता तर कपाट वाचलं असतं. साऱ्या कारखान्यात विचारावं असं एकट्या त्यालाच वाटलं, आणि घरी कोण जाणार, तर तोच! तिनं मान हलवली नाही. पण काही बोललीही नाही, आणि त्या दोघांनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ घेतला.

मिटिंगला ग्राहकाकडून निवेदिता नावाच्या बाई आल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, पाण्याचा ग्लाससुद्धा आवाज न करता ठेवणाऱ्या. ज्योतीरामलाही बोलावलं होतं. तो दारापाशी उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. फळ्यासमोर सदाशिवराव मार्कर घेऊन उभे राहिले. माल वेळेवर का गेला नाही? प्रोग्रॅम मिळाला नाही. प्रोग्रॅम का मिळाला नाही? स्टोरेज बंद पडलं. ते का बंद पडलं? फर्मवेअर भरताना वीज गेली. वीज का गेली? सदाशिवरावांनी सुबक अक्षरात लिहिलं, ‘इलेक्ट्रिशियन ज्योतीराम टाकळकर यांचा हलगर्जीपणा.’ त्याखाली दोन रेघा मारल्या आणि मार्करला टोपण लावलं.

“बरोबर ना, मिनल?” क्षितिज म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ज्योतीराम तेवढा बघत नव्हता. तो त्या फळ्यावरचं स्वतःचं नाव वाचत होता, ओठ हलवत.

“चारच झाले, सर,” मिनल म्हणाली.

“काय?”

“‘का’ चारच झाले. तुम्ही आम्हाला पाच शिकवलेत.” तिनं चार बोटं वर केली. “पाचवं राहिलं.”

“चारमध्ये मूळ सापडलं तर चारच पुरे,” सदाशिवराव म्हणाले.

“माणसाचं नाव आलं की ते मूळ नसतं. ही पाटी तुमच्याच डोक्यावर लावलीय, सदाशिवराव. नाव लिहूनच थांबायचं असतं तर ही मिटिंग कशाला? चहाच्या मशीनपाशी सगळं ठरलंच होतं की. तिथं माझं नाव होतं, इथं यांचं आलं, एवढाच फरक!”

सदाशिवराव लालेलाल झाले. मिनलनं उठून त्यांच्या हातातला मार्कर घेतला. घेतला कसला, ओढला. दोन रेघांच्या खाली तिनं लिहिलं, ‘यूपीएसचा स्विच का पाडला?’ आणि वळून म्हणाली, “ज्योतीरामदादा, सांगा. जे मला सांगितलंत तेच.”

ज्योतीरामनं क्षितिजकडे बघितलं. क्षितिजनं टेबलाकडे बघितलं.

“सांगा,” निवेदिता पहिल्यांदाच बोलल्या. “मला उत्तर हवंय.”

“म्या इचारून येतू म्हनलं व्हतं,” ज्योतीराम म्हणाला. “मला जाऊ दिलं न्हाई.”

मिनलनं तेवढंच लिहिलं. ‘विचारायला जाणाऱ्याला जाऊ दिलं नाही.’ कुणी जाऊ दिलं नाही, ते लिहिलं नाही. लिहायला हात शिवशिवत होता, पण पाटी सगळ्यांनाच लागू होती. आणि तसंही, ते नाव खोलीतल्या एकूण एक माणसाला कळलं होतं, क्षितिजच्या लाल झालेल्या कानांच्या पाळ्यांनाही.

“ठीक आहे,” क्षितिज घाईघाईनं म्हणाला. “उपाय लिहून टाकू. पुढच्या वर्षीपासून यूपीएसची पूजा बंद. झालं?”

“मिनलताईंनाही तेच बरं वाटेल,” सदाशिवराव म्हणाले.

आता मात्र मिनलचा तोल सुटला. “मला काय बरं वाटेल ते तुम्ही ठरवू नका! पूजेनं काय बिघडवलं? अण्णासाहेब इतकी वर्षं पूजा करत होते, एक दिवा कधी विझला नाही. पूजा करा, दोन नारळ जास्त फोडा, मी फडकं घेऊन येते पुसायला. पण मुहूर्त जातोय म्हणून माणसाला जिन्यावरनं परत बोलवायचं, आणि मग त्याचंच नाव फळ्यावर लिहायचं, ते बंद करा!”

तिनं चौथ्या उत्तरातलं ज्योतीरामचं नाव आणि तो हलगर्जीपणा तळहातानंच पुसून काढला. तळव्याला काळं लागलं. तिथं ‘यूपीएस बंद केला’ एवढंच लिहिलं. मग उपायाच्या रकान्यात लिहायला लागली. ‘यूपीएसचा स्विच ज्योतीराम टाकळकर यांच्या होकाराशिवाय कुणीही पाडायचा नाही. प्लँट हेडनेसुद्धा.’ आणि पुढे, जबाबदार व्यक्ती या रकान्यात, पुन्हा तेच नाव, पहिल्यापेक्षा मोठं.

“कंत्राटी माणसाचं नाव इथं घालता येत नाही,” सदाशिवराव म्हणाले.

“वरच्या रकान्यात घालता येत होतं,” मिनल म्हणाली.

निवेदितांनी फळ्याचा फोटो काढला. “हे असंच पाठवा,” त्या क्षितिजला म्हणाल्या. “पुढच्या ऑडिटला मी आले की यांनाच भेटेन. हेच इथं असतील ना?”

क्षितिजला हो म्हणायला थोडा वेळ लागला. पण म्हणाला.

बाहेर पॅसेजमध्ये ज्योतीराम तिची वाट बघत उभा होता. चेहरा अजून भेदरलेलाच. “ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “यक डाव पुसलं व्हतं ना माझं नाव? मंग परत कशापायी लिवलं?”

“तुम्हाला काढता येऊ नये म्हणून,” मिनल म्हणाली.

त्याला ते उमजायला एक क्षण लागला. मग त्यानं खिशातनं कागदात बांधलेला पेढा काढला. खंडेनवमीचा, द्यायचा राहून गेलेला, वाळून खडा झालेला. मिनलनं तो काळ्या तळव्यावरच घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.